‘बसतलंव मगे!’ : मेट्रोत किती माणसं बसणार, हे आधी कसं कळतं?

मेट्रोचा पहिला खांब उभा राहायच्या आधीच ‘रोज इतके लाख प्रवासी’ असा आकडा पेपरात छापून येतो. हा आकडा काढतात कसा? आणि गाडी धावू लागल्यावर डबे अर्धे रिकामे दिसले, तर चुकलं कुणाचं? मुंबई, पुणे, नागपूर, कुठेही मेट्रोचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो.

उत्तर शोधायला आपण सिंधुदुर्गात जाऊ. तिथे मेट्रो नाही आणि होण्याचं काही कारणही नाही. २०११च्या जनगणनेत अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती, म्हणजे चौरस किलोमीटरला १६३ माणसं. मुंबई उपनगर जिल्ह्यात त्याच वेळी हा आकडा वीस हजारांच्या वर होता. मेट्रोला लागते ती माणसांची दाटी मालवणच्या बाजारात फक्त मे महिन्यात आणि नाताळात दिसते, आणि तीही पाहुण्यांची.

तरीही सिंधुदुर्गच, कारण प्रवासाची सवय बदलते कशी आणि अडून बसते कशी, हे इथे उघड्यावर पाहायला मिळतं. बोट गेली, एसटी आली, मग रेल्वे आली, मग प्रत्येक घरापुढे दुचाकी उभी राहिली. शिवाय मालवणी घराचा एक पाय मुंबईत असतोच. मेट्रोच्या खांबांखालून रोज कामाला जाणारा डोंबिवलीचा किंवा विरारचा चाकरमानी आणि मालवणजवळच्या देवबागात एसटीची वाट बघणारी त्याची आई, या दोघांच्या डोक्यातला हिशेब एकच असतो. आपल्याला तो हिशेब समजून घ्यायचा आहे.

१. ‘हो’ म्हणायला काय जातं?

मालवणच्या बसस्थानकाबाहेर उभं राहून कुणालाही विचारा, “मालवण ते कुडाळ मेट्रो झाली तर बसशात काय?” उत्तर ठरलेलं आहे. “बसतलंव मगे! कित्याक नाय?” थोडा वेळ थांबलात तर पुढचं वाक्यही ऐकू येईल. “एकदा तरी बसान बघतलंव.” आणि आणखी थोडं थांबलात तर खरी गोष्ट बाहेर पडेल. “पण आमच्या वाडीत थांबतली मा?”

पहिलं उत्तर खोटं नसतं, पण त्याला काही किंमतही पडलेली नसते. विचारणारा शहरातून आलेला, हातात कागद घेऊन उभा, त्याला नाही कशाला म्हणा? आपल्याकडे काहीतरी नवं येतंय तर येऊ दे, हीही भावना असते. त्यात एक लबाडीही दडलेली असते. जगभरच्या शहरांत मेट्रोला पाठिंबा देणाऱ्यांत असे अनेक असतात, ज्यांना वाटतं की इतरांनी मेट्रोत बसावं, म्हणजे माझ्या गाडीला रस्ता मोकळा मिळेल. त्यांचा पाठिंबा अगदी मनापासूनचा असतो, फक्त ते मेट्रोत बसणारे नसतात.

लग्नाच्या आचाऱ्याला हे चांगलं कळतं. ‘येणार ना?’ असं विचारलं की सगळं गाव ‘येणार’ म्हणतं. तो तांदूळ भिजत घालतो ते आमंत्रणाच्या यादीवरून नाही, मागच्या खेपेला या घरच्या पंगतीत किती पानं उठली त्यावरून. प्रवासाचा अभ्यास करणारे लोकही हे दोन प्रकार वेगळे ठेवतात. माणूस जे करीन म्हणतो ती सांगितलेली पसंती, आणि पैसे व वेळ खर्चून जे करतो ती दाखवलेली पसंती. दोन्हींत किती अंतर असू शकतं, याचं ताजं उदाहरण कोकणातच घडलं.

२०२५च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने चाकरमान्यांच्या मोटारी रेल्वेच्या वॅगनवर चढवून नेण्याची सोय जाहीर केली. ट्रकसाठी अशी रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहे, मोटारींसाठी ही पहिलीच. कल्पनेचं कौतुक झालं. मुंबई-गोवा महामार्गाने पिचलेल्या माणसाला आणखी काय हवं? पण आरक्षण सुरू झालं तेव्हा एका फेरीतल्या ४० गाड्यांच्या जागेसाठी मोजकीच नावं आली.

हिशेब बघितला की कोडं उरत नाही. गाडी कोलाडला चढवायची, म्हणजे मुंबईहून निघून महामार्गाचा पहिला मोठा त्रास आधी सोसायचाच. वर काही तास आधी पोचायचं. उतरायचं वेर्ण्याला, म्हणजे सिंधुदुर्ग मागे टाकून गोव्यात, आणि मालवणच्या माणसाने तिथून परत उलटं यायचं. मोटारीचं भाडं ७,८७५ रुपये, माणसांचं तिकीट वेगळं. मग रेल्वेने कणकवली तालुक्यातल्या नांदगाव रोडला थांबा दिला. पण पहिल्या घोषणेत ज्याने मनातल्या मनात गाडी घरी आणली होती, त्याने तोवर पेट्रोल भरून ठेवलं होतं. “अशी सेवा असावी का?” असं विचारलं असतं, तर हजारोंनी हात वर केले असते.

२. प्रवास दारात सुरू होतो, स्टेशनात नाही

मालवणात रेल्वे स्टेशन नाही. बॅरिस्टर नाथ पै कोकण रेल्वेसाठी संसदेत बोलत राहिले, मधु दंडवत्यांनी तो आग्रह पुढे नेला, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, आणि ई. श्रीधरन यांच्या हाताखाली डोंगर पोखरून २६ जानेवारी १९९८ला रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा पूर्ण मार्ग खुला झाला. पण हा मार्ग समुद्र आणि सह्याद्रीच्या मधून जातो. मालवणला जवळचं स्टेशन कुडाळ, तीसेक किलोमीटरवर. कणकवली त्याहून लांब. नकाशावर मालवण रेल्वेपासून बोटभर अंतरावर दिसतं. त्या बोटभर अंतराची किंमत कळायला कोकणकन्या एक्स्प्रेस कुडाळला येते त्या सकाळी फलाटाबाहेर उभं राहावं.

गाडी थांबते. रात्रभराच्या प्रवासाने चुरगळलेली माणसं खाली उतरतात. पाठीवर सॅक, एका हातात लहान मूल, दुसऱ्या हातात दादरहून घेतलेली मिठाई. बाहेर रिक्षावाले गावांची नावं पुकारत असतात. ज्याने घरी फोन करून भावाला दुचाकी घेऊन बोलावलेलं असतं, तो दोन मिनिटांत दिसेनासा होतो. एकटा, सामान कमी असलेला माणूस एसटी पकडायला कुडाळच्या स्थानकाकडे निघतो. चौघांचं कुटुंब रिक्षाशी घासाघीस करतं आणि शेवटी त्याच भावात बसतं. कितीतरी वेळा मुंबई ते कुडाळच्या साध्या तिकिटापेक्षा कुडाळ ते मालवणची रिक्षा महाग पडते. आणि परत जाताना? गाडी चुकू नये म्हणून दोन तास आधी घरातून निघायचं.

प्रवास म्हणजे गाडीत बसलेला वेळ नव्हे. चालणं, थांबणं, बदलणं, पुन्हा थांबणं, हे सगळं मिळून प्रवास होतो. यातलं प्रत्येक मिनिट सारखं जाणवतही नाही. गाडीत बसलेली दहा मिनिटं खिडकीतून बघत जातात, उन्हात वाट बघण्याची दहा मिनिटं वीस वाटतात. म्हणून वाहतुकीचा आराखडा करणारे चालण्याच्या आणि थांबण्याच्या वेळेला साधारण दुप्पट वजन देतात.

एक काल्पनिक हिशेब करून पाहू. समजा, मालवण-कुडाळ झकास रेल्वे झाली आणि ती वीस मिनिटांत पोचवते. मालवणातल्या एका कर्मचाऱ्याला कुडाळच्या कचेरीत जायचं आहे.

दुचाकीने : ४५ मिनिटं. चालणं नाही, थांबणं नाही. वजन देऊन ४५.

रेल्वेने : स्टेशनपर्यंत चालत १०, गाडीची वाट १०, गाडीत २०, कुडाळला शेअर रिक्षाची वाट ५, रिक्षात १०. घड्याळाने ५५ मिनिटं. चालणं आणि थांबणं दुप्पट धरलं तर ८०.

गाडी दुचाकीच्या दुप्पट वेगाची, तरी माणूस दुचाकीला किक मारतो. आता रेल्वेवाल्यांनी कोट्यवधी खर्चून गाडीचा वेग वाढवला आणि पाच मिनिटं वाचवली, तर ८०चे ७५ होतील. तेवढीच पाच मिनिटं गाड्या जवळजवळ सोडून थांबण्यातून वाचवली, तर ८०चे ७० होतील. आणि गाडी आल्या आल्या स्टेशनच्या दारात रिक्षा तयार मिळाली, तर पैसे जवळपास न खर्चता आणखी दहा कमी. उद्घाटनाच्या भाषणात मात्र वेगच असतो. रिक्षाथांब्याची फीत कापायला कुणी येत नाही.

हाच हिशेब उलट बाजूने मुंबईच्या पहिल्या मेट्रोला लावून पाहा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो ८ जून २०१४ला सुरू झाली. ती लोकांनी पहिल्या दिवसापासून उचलली, कारण पश्चिम आणि मध्य या दोन लोकलमार्गांना आडवा जोडणारा दुवाच तिथे नव्हता. गर्दीच्या वेळी रस्त्याने तासाहून जास्त लागायचा, मेट्रोने २१ मिनिटं. घाटकोपरला लोकलमधून उतरणारा माणूस पुलावरून थेट मेट्रोत शिरतो. रिक्षा नाही, घासाघीस नाही. जिथे उतरल्यावर पुन्हा मोठा रस्ता ओलांडून, तीन जिने चढून जावं लागतं, त्या मेट्रोच्या नशिबी हे येत नाही.

३. सॅन फ्रान्सिस्कोत काय झालं?

ही वजनाची आणि मिनिटांची भाषा पणाला लागली ती अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती बार्ट नावाची नवी रेल्वे १९७२ मध्ये सुरू होणार होती. अधिकृत अंदाज होता की कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक तिने जातील. डॅनियल मॅकफॅडन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने, रेल्वे सुरू होण्याआधीच, तिथल्या रहिवाशांकडून ते सध्या कसे जातात, किती वेळ लागतो, किती खर्च येतो, किती चालावं लागतं, याची माहिती जमवली. त्यावरून माणूस एक मिनिट वाचवण्यासाठी किती पैसे सोडतो, गाडी बदलायला किती कुरकुरतो, याची वजनं काढली. मग ती वजनं न झालेल्या रेल्वेला लावली. उत्तर आलं ६.३ टक्के. रेल्वे सुरू झाल्यावर प्रत्यक्षात निघालं ६.२. पुढे २००० साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा होता.

यात जादू नाही. मिनिटाची किंमत काढायला मालवणच्या बाजारातला माणूसही पुरतो. समजा, बाजारातून घरी जायला एसटीचे १५ रुपये आणि ४० मिनिटं, रिक्षाचे ४० रुपये आणि २० मिनिटं. जो रिक्षात बसला त्याने २५ रुपये देऊन २० मिनिटं विकत घेतली. म्हणजे त्याच्या तासाची किंमत त्याच्याच लेखी निदान ७५ रुपये. जो थांबून राहिला, त्याची त्याहून कमी. हे त्याला विचारून कळलं नसतं. “तुमच्या तासाची किंमत किती?” या प्रश्नावर माणूस एकतर हसतो, नाहीतर चिडतो.

फक्त एक लक्षात ठेवायचं, की ही किंमत माणसाला चिकटलेली नसते, प्रसंगाला चिकटलेली असते. एरवी दहा रुपये वाचवण्यासाठी चालत जाणारा चाकरमानी गणपतीच्या आरक्षणासाठी साठ दिवस आधी पहाटे उठून मोबाइलवर बोट ठेवून बसतो. खिडकी उघडते आणि काही मिनिटांत गाडी भरते. तीच गाडी नाही मिळाली तर तो खासगी बसचं दुपटीतिपटीचं भाडं देतो आणि वर ते गावभर सांगतो.

पैशाचा परिणाम किती, याची एक मोठी चाचणी महाराष्ट्राने न ठरवता घेतली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. गाड्या त्याच, वेळा त्याच, रस्ते तेच, फक्त भाडं निम्मं. महिला प्रवाशांची संख्या लगेच वाढली. त्या आधी कुठे होत्या? काही चालत होत्या, काही रिक्षात, काही घरच्या पुरुषाच्या दुचाकीवर मागे, आणि काही मुळात निघतच नव्हत्या. माहेरी जायचं पुढच्या महिन्यावर ढकलत होत्या. न झालेला प्रवास कुठल्याच सर्वेक्षणात सापडत नाही, आणि मेट्रोच्या अंदाजात तो हमखास निसटतो.

४. सवय मोडते तेव्हा

रोजचा रस्ता माणूस रोज निवडत नाही. एकदा निवडतो आणि मग पाय आपोआप वळतात. त्यामुळे वजनांचा हिशेब मेट्रोच्या बाजूने झुकला तरी लोक लगेच हलत नाहीत. त्यांना हलवायला धक्का लागतो.

लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचा दोन दिवसांचा संप झाला. काही स्टेशनं बंद होती, काही चालू. रोजचे प्रवासी नाइलाजाने दुसऱ्या वाटेने गेले. केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रवासकार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की संप मिटल्यावरही सुमारे ५ टक्के लोक जुन्या वाटेवर परतलेच नाहीत. नवी वाट बरी होती आणि इतकी वर्षं त्यांना ती माहीत नव्हती!

आपला संप दोन दिवसांचा नव्हता. ऑक्टोबर २०२१ अखेरीला सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. गावाकडचं एसटीचं गणित ज्यांना माहीत आहे त्यांना याचा अर्थ कळेल. रात्री गावात मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी सकाळी पहिल्यांदा सुटते, तिच्यावर कॉलेजची मुलं, दवाखान्याला जाणारे म्हातारे, तहसीलला निघालेले लोक अवलंबून. ती गाडी महिनोन् महिने आलीच नाही. मग कुणी कर्ज काढून स्कूटर घेतली, कुणी शेजाऱ्याच्या मोटारीत महिन्याची जागा ठरवली. स्कूटर एकदा अंगणात उभी राहिली की ती एसटी परत आली म्हणून कुणी विकत नाही. तिचा हप्ता तर भरायचाच आहे, मग वापरायची का नाही?

याच्या उलटंही घडतं. खाडीवर पूल झाला की तिथली होडीची तर बंद पडायला वेळ लागत नाही. पिढ्यान् पिढ्या होडीने जाणारी माणसं एका हंगामात पुलावरून जाऊ लागतात. सवयीचं प्रेम वगैरे कुणी काढत नाही, कारण पूल कुणाला गाडी बदलायला लावत नाही. मालवणची मुंबई-बोटही अशीच गेली. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट मालवणला खडकांमुळे बंदरात शिरत नसे, बाहेर समुद्रात उभी राहायची. तिथून माणसं, ट्रंका आणि पोरं लहान होड्यांत उतरवून किनाऱ्याला आणत. पावसाळ्यात सगळंच बंद. एसटी घाटांतून थेट गावात येऊ लागली तशी बोटीची वर्दळ ओसरत गेली. बोटीच्या आठवणी काढताना आज डोळे भरून येतात ते खरं, पण त्या वेळी बोट लागून बेजार झालेल्या माणसाने एसटीत जागा मिळताच मागे वळून पाहिलं नाही.

५. कुणाला विचारायचं राहिलं?

प्रवासाच्या सर्वेक्षणात एक माणूस नेहमी सापडतो. तो सकाळी नऊला घरातून निघतो, एका ठिकाणी जातो, संध्याकाळी परत येतो. मेट्रो त्याच्यासाठी आखली जाते, कारण कागदावर त्याची रेघ सरळ येते. त्याच घरातल्या बाईची रेघ काढून पाहा. मुलाला शाळेत सोडणं, बँक, सासूचं औषध, बाजार, वाटेत शिवणाचे कपडे देणं, परत शाळा. पाच छोटे प्रवास, प्रत्येक जेमतेम दोन-तीन किलोमीटरचा. दर वेळी नवं तिकीट आणि नवा जिना असेल तर तिला मेट्रोचा उपयोग काय?

आणि मासळीवाली? मुंबईच्या लोकलला मालडबा आहे. कोळणी पाट्या घेऊन त्यातूनच भाऊच्या धक्क्यावरून, ससून डॉकवरून उपनगरांतल्या बाजारांत पोचल्या. मेट्रोला मालडबा नसतो. वातानुकूलित डब्यात सुरमईची पाटी चालणार नाही, हे कुणी तिला सांगावंही लागत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर पहाटेच्या लिलावात बोली लावून, बर्फात मासळी भरून कुडाळ-कणकवलीच्या बाजाराकडे निघणारी बाईही एसटीच्या कंडक्टरचा चेहरा बघूनच पाऊल टाकते. पाटीतून पाणी गळलं की बसमध्ये भांडण ठरलेलं. तिला तुम्ही मेट्रोबद्दल विचारलंत तर ती विचारेल, “पाटी खंय ठेवची?” या प्रश्नाचा रकाना माझ्या पाहण्यातल्या एकाही छापील प्रश्नावलीत नव्हता.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही नीट ऐकलं तर माहितीच मिळते. मुंबईच्या भुयारी मेट्रो ३साठी आरेतली झाडं २०१९च्या ऑक्टोबरात रात्रीतून तोडली गेली तेव्हा जे रस्त्यावर आले, ते सगळे मेट्रोच्या विरोधात नव्हते. कित्येकांचा आक्षेप कारशेडच्या जागेला होता. त्याच मार्गासाठी काळबादेवी-गिरगावातल्या जुन्या चाळी रिकाम्या कराव्या लागल्या. तिथल्या भाडेकरूंचं मत चार घरं पलीकडच्या माणसाहून अगदी वेगळं होतं. स्टेशन घराजवळ यावं असं सगळ्यांना वाटतं, घरावर यावं असं कुणालाच नाही. २०२५च्या ऑक्टोबरात ही मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली आणि गिरगावला स्टेशन झालं. आज त्या स्टेशनात शिरणाऱ्याला सर्वेक्षणात ‘पाठिंबा’ म्हणून मोजायचं, की जागा सोडून गेलेल्यालाही धरून? एका टक्केवारीत हे मावत नाही.

मग आंगणेवाडीचं काय करायचं? मालवण तालुक्यातल्या या वाडीतल्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. तारीख जाहीर होते आणि लाखो लोक निघतात, रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटी शेकडो फेऱ्या लावते. वर्षाची सरासरी काढणाऱ्याच्या कागदावर ही गर्दी ३६५ दिवसांत वाटली जाऊन नाहीशी होते. सरासरी प्रवाशाला सामावणारी गाडी गणपतीला अपुरी आणि जुलैत रिकामी, हे कोकणात नवं नाही.

६. आकडे एकाच दिशेला का चुकतात?

साधी चूक असती तर अंदाज कधी जास्त निघाले असते, कधी कमी. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लूबियर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अनेक देशांतले प्रकल्प तपासले. त्यातल्या २७ रेल्वे प्रकल्पांपैकी दर दहांतल्या नऊ ठिकाणी प्रवाशांचा अंदाज फुगलेला होता, आणि सरासरीने तो प्रत्यक्षाच्या दुपटीहून जास्त होता. रस्त्यांच्या अंदाजांत चुका होत्या, पण दोन्ही बाजूंना.

काही चुका भोळेपणाच्या असतात. मेट्रो सुरू होईपर्यंत स्टेशनांना जोडणाऱ्या बस सुरू झालेल्या असतील, पदपथ झालेले असतील, असं धरलेलं असतं, आणि ती कामं दुसऱ्याच खात्याच्या फायलीत अडकलेली असतात. काही चुका सोयीच्या असतात. आकडा मोठा असला तरच कर्ज आणि मंजुरी मिळते, हे आकडा काढणाऱ्यालाही माहीत असतं. दोन्हींतली सीमा कुठे आहे हे ओळखायला माझ्या मते एक साधी खूण आहे. अहवालात ‘सर्वेक्षणात इतके टक्के लोक अनुकूल’ हे ठळक अक्षरात असेल आणि ‘स्टेशनपासून घरापर्यंत कसे जाणार’ हे शेवटच्या परिशिष्टात, तर आकडा सोयीचा समजावा.

७. पाण्यावरची मेट्रो?

मालवणच्या किनाऱ्यावर मेट्रोची गोष्ट कधी निघालीच तर ती रुळांवरची नसेल. कोचीत एप्रिल २०२३ मध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली. विजेवर चालणाऱ्या बोटी, मेट्रोसारखी तिकीटखिडकी, धक्क्याच्या उंचीला जुळणारा बोटीचा दरवाजा. १० बेटं आणि ३८ धक्के जोडण्याचा तो आराखडा आहे. हे बघून कोकणातल्या कुणालाही वाटेल, आपल्याकडे का नाही? देवबागच्या टोकावर उभं राहिलं की कर्ली नदीच्या मुखापलीकडे भोगवे समोर दिसतं. होडीने काही मिनिटं, रस्त्याने मोठा वळसा.

वरचे सगळे हिशेब इथे लावून पाहता येतात. कोचीच्या बोटी बॅकवॉटरच्या बंदिस्त पाण्यात चालतात, तिथे पावसाळ्यातही लाटांचा मार नाही. मालवणला जून लागला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, आणि नदीच्या मुखाशी समुद्र असा उसळलेला असतो की तिकडे कुणी फिरकत नाही. डिसेंबरात मालवणच्या जेट्टीवर पर्यटकांची रांग मोजून कुणी बारा महिन्यांचा अंदाज बांधला, तर तो आकडा दणदणीत येईल. धक्क्याचा खर्च, बोटींची देखभाल, खलाशांचा पगार आणि कर्जाचा हप्ता मात्र जूनमध्ये सुट्टीवर जात नाहीत.

म्हणून मोजणी सुरू करायची असेल तर ती जुलैत करावी आणि जेट्टीवर न करता तारकर्ली-देवबागच्या रस्त्यावर, सकाळच्या शाळेच्या वेळी करावी. रेनकोट घालून सायकलवर निघालेली मुलं, रिक्षात कोंबून बसलेली मुलं, वडिलांच्या स्कूटरवर दप्तर पोटाशी धरलेली मुलं. ती किती, कुठून निघतात, किती वाजता पोचतात, आणि एसटी चुकली तर त्या दिवशी शाळा बुडते का, एवढं जरी लिहून काढलं तरी त्या किनाऱ्याला रोजच्या प्रवासासाठी काय लागतं याचा पहिला खरा आकडा हातात येईल.